कुसळवाडीची एकोणीस कुत्री

“मग ही चूल विझवायची कधी, बाबा?”

लोहकरेनं तिसऱ्यांदा विचारलं.

जलालबाबा डाळ घोटत होता. तो घोटतच राहिला.

“बाबा, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं. बहिरा न्हाई मी.”

“मग?”

“डाळ शिजली न्हाई अजून.”

लोहकरेनं सुस्कारा सोडला. बहिऱ्याशी बोलणं परवडलं. त्याच्यापुढं निदान हातवारे तरी करता येतात.

कुसळवाडीच्या टेकडीवर हा तकिया, फकिराचं ठाणं. एक कडुनिंब, हिरवी चादर घातलेली एक मजार, पाण्याची दगडी डोणी आणि चूल. बाकी काही नाही. आसपासच्या गावांतून मूठ मूठ ज्वारी यायची, पसा पसा डाळ यायची. बाबा डाळ करायचा, कौसाबाई भाकरी थापायची. बाबाचं वय कुणाला ठाऊक नव्हतं. दाढी एका बाजूनं जळालेली. फुंकणी शेजारी पडलेली असताना तोंडानं जाळ फुंकायची खोड, दुसरं काय.

आणि लोहकरे म्हणजे शिकलेला माणूस. इतका शिकलेला, की कडुनिंबाच्या सावलीत बसायलाही त्याला बुडाखाली कागद लागला. जगातली गरिबी आणि भूक किती हटली हे मोजणारी एक मोठी संस्था आहे म्हणे, तिच्यात तो होता. दोन आठवडे त्यानं तालुका पालथा घातला, घरोघर फॉर्म भरले. प्रश्न एकच, फिरवून फिरवून दहा वेळा विचारलेला. काल उपाशी झोपलात का?

सगळे म्हणाले, नाही.

तालुका शून्यावर आला. भूक शून्य! असा तालुका जिल्ह्यात दुसरा नव्हता. पुढच्या महिन्यात कुठल्याशा थंड देशात जगाची परिषद होती, आणि शून्यवाल्या तालुक्याचा माणूस तिथं उभा राहून दहा मिनिटं बोलणार होता. लोहकरेचा कोटसुद्धा शिवून झाला होता.

आणि मधे ही चूल आली. नियम अकरा. ज्या गावात फुकट अन्न वाटतात, ते गाव भूकमुक्त धरू नये.

“तुमच्या एका चुलीपायी अख्खा तालुका अडकलाय,” लोहकरे म्हणाला. “आणि तालुक्यापायी मी.”

“तू कुठं अडकलास? चांगला कागदावर बसलायस की.”

भाकरी थापता थापता कौसाबाई फिसकन हसली. तव्यावरची भाकरीही फुगली.

लोहकरेनं पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि बाबापुढं उलगडली. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

“हे बघा. हे जग.”

बाबानं वाकून पाहिलं.

“लई पातळ झालंय.”

“जग म्हणजे जगातली गरिबी! ही लाल रेघ. मी जन्मलो तेव्हा इथं होती, वर. दहा माणसांत चार माणसं अगदी कंगाल. आणि आता कुठं आली बघा. दहात एक!”

बाबा बराच वेळ रेघेकडं बघत राहिला. बोट लावून वरून खाली आला. कागदावर डाळीचा ठिपका पडला.

“चांगलं झालं की.”

“झालं ना?”

“लईच चांगलं झालं... आन् तो एक?”

“कोण एक?”

“धा जनांतला एक उरलाय म्हनलास न्हवं. त्याला सांगितलं का कुनी?”

“काय सांगायचं?”

“की रेघ खाली आली म्हनून.”

कौसाबाईनं तोंडाला पदर लावला.

लोहकरे तापला. एक तर ऊन, त्यात ही असली बोलणी.

“तुम्हाला प्रगती दिसतच नाही, बाबा. तुम्हा लोकांना ती बघायचीच नसते. सगळं कसं वाईट चाललंय, एवढंच पाहिजे असतं.”

बाबानं डाव खाली ठेवला.

“मला दिसत न्हाई?”

तो उठला. ह्या वयात इतक्या झटक्यात कुणी उठू नये, पण उठला. लोहकरेच्या मनगटाला धरून मजारीच्या मागं घेऊन गेला. तिथं एक तांब्याची डेग पडली होती. अख्खा माणूस आत मावेल एवढी.

“ही बहात्तरच्या दुष्काळातली. दोघं जण आत उतरून घासायचे. दिसातून दोनदा चढायची चुलीवर, तरी रांग संपायची न्हाई. वाक की. आत बघ.”

लोहकरे वाकला. आत काळोख होता. काळोखातून काहीतरी फडफडलं आणि त्याच्या नाकाला चोच बसली.

“कोंबडी हाय,” बाबा म्हणाला. “अंड्यावर बसलीय.”

लोहकरे नाक धरून मागं सरला.

“आन् हे तपेलं. डेगीनंतर हे आलं. वीस-बावीस साल ह्यात शिजवलं. आता कौसा गोवऱ्या ठेवती ह्याच्यात. आन् चुलीवर हाय ते पातेलं. समजलं? डेग, तपेलं, पातेलं. ही माझी रेघ. तुझ्या रेघंला आकडे हायत, माझ्या रेघंला कोंबडी हाय. मला दिसत न्हाई म्हनतो!”

लोहकरे नाक चोळायचं विसरला. त्याचा चेहराच उजळला.

“म्हणजे तुम्हीही तेच म्हणताय! डेग, तपेलं, पातेलं... मग पुढं काय? पुढं शून्य! पातेलं उतरवा, बाबा, आणि ह्या कागदावर सही करा. ‘आता गरज उरली नाही.’ बस, एवढंच लिहायचंय.”

“करतो.”

“काय करता?”

“सही. आजचं वाटून झालं की करतो. तू समोर बस, कोन येतंय बघ. गरज न्हाई असं तुला दिसलं, तर अंगठा घे आन् जाताना चुलीवर पानी वत. मी स्वता तांब्या देतो.”

एवढ्या झटक्यात काम होईल असं लोहकरेला वाटलं नव्हतं. त्याला थोडं चोरट्यासारखंही झालं. पण कोट आठवला, आणि ते गेलं.

“मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहीत नाही,” तो छाती काढून म्हणाला. “सगळ्या संस्थेत माझं नाव आहे त्यासाठी.”

“हां,” बाबा म्हणाला.

कौसाबाईनं तव्यावरून भाकरी काढली. वास सुटला. अंबाडीची भाजीही होती कुठंतरी.

“साहेब, जेवलात का तुमी?”

“हो हो! आत्ताच जेवून आलो.”

आता खरं काय ते सांगायला पाहिजे. लोहकरेच्या पोटात सकाळी सहाच्या चहाखेरीज काही नव्हतं. जीपचं चाक पंक्चर झालं, ड्रायव्हर ते काढून घेऊन दुसऱ्याच्या मोटारसायकलवरून तालुक्याला गेला, आणि डबा ठेवलेली पिशवीही त्याच्याच खांद्याला गेली. पण विचारलं की ‘जेवून आलो’ म्हणायचं, हे त्याच्या आईनं त्याला बोलायला शिकवलं त्याच्याही आधी शिकवलं होतं.

त्याच्या पोटातून असा आवाज आला, की डेगीतली कोंबडी उलट बोलली.

“थोडं तरी घ्या,” कौसाबाई म्हणाली.

“छे छे. तुडुंब आहे पोट.”

काहीतरी करायचं म्हणून त्यानं खिशातून छोटी बाटली काढली आणि हाताला चोळली.

“अत्तर?” बाबानं विचारलं.

“हातावरचे जंतू मरतात यानं. पाणी लागत नाही.”

“हितं चालत न्हाई ते. हितं डोनीवर हात धुतल्याबिगर कुनाला भाकर न्हाई. पाटील असू दे न्हाईतर पीर.”

“पण मी कुठं जेवणार आहे?”

“न्हाई, न्हाई. तू कशाला जेवतूस. तू तर तुडुंब.”

सूर्य डोक्यावर आला. बाबानं पातेलं उतरवलं. डाळीला वरून लसणाची फोडणी घातली. लोहकरेनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

मग बाबा टेकडीच्या कडेला गेला. खाली कुसळवाडीची पत्र्याची घरं उन्हात चमकत होती. त्यानं तोंडाभोवती हात धरले आणि ओरडला:

“तुकडे उरलेत रेऽऽ! कुत्र्याला घालायला न्या रेऽऽ!”

लोहकरेनं पातेल्यात पाहिलं. काठोकाठ भरलेलं. भाकरीची चवड कौसाबाईच्या गुडघ्याला लागत होती.

“उरलेत? अजून तर कुणी जेवलंच नाही!”

“आधी उरवायचं, मग वाटायचं,” बाबा म्हणाला. “आमच्या गुरूची रीत हाय. त्यांनी घालून दिली, मी चालवतो.”

“रीत असेल. पण ह्याला काही अर्थ?”

“तुला चावली त्या कोंबडीला इचार.”

लोक येऊ लागले. कुणाच्या हातात पितळी, कुणाच्या हातात डबा, वर फडकं झाकलेलं. भांडी लख्ख घासलेली. पुढं होती एक सुरकुतलेली, काटक बाई. लोहकरेनं तिला ओळखलं. धुरपताबाई. दोन वेळा व्यवस्थित जेवण, असं तिनं फॉर्ममध्ये स्वतः सांगितलं होतं.

“किती हायत, धुरपता?” बाबानं विचारलं.

“पाच. दोन मोठी, दोन पिल्लं, आन् एक गाभण हाय.”

“गाभनीला काय?”

“तिला जरा लोनचं द्या, बाबा. लोनच्याशिवाय घास उतरंना तिला.”

लोहकरेचं पेन थांबलं.

“कुत्री लोणचं खाते?”

“आमची खाती,” धुरपताबाई म्हणाली. आणि तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की जणू त्यानंच काही वावगं विचारलं असावं.

बाबानं पाच भाकरी दिल्या. डाळ दिली. लिंबाच्या लोणच्याच्या तीन फोडी मोजून भाकरीवर ठेवल्या.

“आन् पिल्लांची डाळ येगळी काढा. तिखट लागलं की रडत्यात... भुंकत्यात.”

तिच्यामागं एक म्हातारे गृहस्थ होते. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात वहाणा. गणपतराव. एकटेच राहायचे. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी लोहकरेला ओट्यावर बसवून कोरा चहा पाजला होता. दूध नासलं म्हणाले होते.

“आमच्याकडं एकच आहे,” गणपतराव घसा खाकरून म्हणाले. “म्हातारं झालंय. दात नाहीत त्याला.”

“कुस्करून देऊ?”

“नको, नको. करतो मी. डाळ मात्र जरा पातळ असू द्या.”

लोहकरेकडं लक्ष जाताच ते हसले. “मुकं जनावर आहे, साहेब. टाकून तर देता येत नाही.”

“बरोबर आहे,” लोहकरे म्हणाला. त्यानं लिहिलं: दंतहीन, एक.

मागून कुबडी घेतलेला एक गवंडी आला. परांचीवरून पडून त्याचा पाय मोडला होता. त्याची तीन. मग एक पोरसवदा बाई आली, तिची चार, आणि त्यातलं एक तापानं फणफणलेलं, त्याला पेज मिळेल का म्हणाली. मग आणखी दोघं जण, त्यांची तीन तीन. कुणी रेंगाळलं नाही, कुणी तिथं बसून खाल्लं नाही. फडकी झाकली आणि गेले.

पातेल्याचा तळ दिसला.

लोहकरेनं बेरीज केली. एकोणीस. पुन्हा केली. एकोणीस. आणि एकदम उडी मारून उठला, बुडाचा कागद चिकटलेला तसाच.

“बाबा! चूल विझवायची गरजच नाही!”

“न्हाई?”

“नियम अकरा माणसांसाठी आहे! इथं माणूस कुठं आलाय? एकही नाही! सगळं अन्न कुत्र्यांना चाललंय! बघा, इथं रकाना आहे. ‘इतर लाभार्थी, प्रकार व संख्या.’ प्रकार, श्वान. संख्या, एकोणीस. तालुका शून्यचा शून्य! तुमची चूल राहिली, माझं काम झालं. आहे की नाही?”

“हाय,” बाबा म्हणाला. “हुशार हायस. घे अंगठा.”

लोहकरेनं शाईची डबी उघडली. बाबानं अंगठा बुडवला, कागदापर्यंत आणला. आणि तिथंच धरला.

“हे काय लिव्हलंय हितं, खाली? बारीक?”

“कुठं? ते होय. ‘जनावरं असल्यास प्रत्यक्ष पाहून मोजावीत.’”

“मंग? बघितलीस?”

“लोकांनी सांगितली की. समोरच.”

“माणसांची कशी मोजलीस? उपाशी किती त्ये?”

“विचारून. माणसांचं विचारूनच मोजतात. माणूस खोटं कशाला सांगेल?”

“आन् कुत्र्यांचं बघून.”

“कुत्र्याला विचारता येत नाही ना, बाबा.”

बाबानं मान हलवली. शाईचा थेंब मातीत पडला.

“म्हंजे जो बोलत न्हाई त्याला बघायचं. आन् जो बोलतो त्याला बघायचं न्हाई.”

“तसं नाही...” लोहकरे म्हणाला. मग थांबला. मग चिडला. “बरं! बघून येतो! एकोणीस कुत्री मोजायला कितीसा वेळ लागतो? मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहीत नाही, सांगितलंय मी!”

“सांगितलंयस.”

“अंगठा तसाच ओला ठेवा!”

आणि तो तरातरा टेकडी उतरला. कागद मागं फडफडत होता. कौसाबाई ओरडली, “साहेब, मागं कागद!” पण त्याला ते ऐकू आलं नाही.

भर दुपारची कुसळवाडी गप्प होती. लोहकरे पहिल्या गल्लीतून गेला. दुसऱ्या गल्लीतून आला. उकिरड्यापाशी पाहिलं. पाराखाली पाहिलं. शाळेच्या भिंतीच्या सावलीत पाहिलं, तिथं तर हमखास असतात. कुठं काही नाही.

तो उभा राहिला. आता त्याच्या ध्यानात आलं. दोन आठवड्यांपूर्वी तो ह्या गावात घरोघर फिरला होता, आणि एकदाही त्याच्यावर कुणी भुंकलं नव्हतं. त्यानं ते अहवालात लिहिलंही होतं: गाव शांतताप्रिय.

कुत्रं जगतं उरल्यासुरल्यावर. इथं काही उरत असतं, तर कुत्री राहिली असती.

धुरपताबाईचं दार अर्धं उघडं होतं. लोहकरे आत डोकावला. डोकावू नये, पण डोकावला.

पाच ताटल्या. धुरपताबाई, तिचा मुलगा, दोन लहान मुली. आणि भिंतीला टेकून बसलेली सून, पोट पुढं आलेलं. सून लोणच्याची फोड चोखत होती, डोळे मिटून. धाकटी मुलगी म्हणत होती, “आजी, तिखट हाय गं.”

धुरपताबाईनं वर पाहिलं.



“कुत्री रानाकडं गेलीत, साहेब,” मग ती म्हणाली. हातातला घास तसाच होता.

“हां,” लोहकरे म्हणाला. “ऊन फार आहे.”

का तसं म्हणाला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

शेवटचं घर गणपतरावांचं. ते ओट्यावर बसले होते. सदरा खुंटीला लावून ठेवलेला, अंगात बंडी. मांडीवर ताटली. भाकरीचे बारीक बारीक तुकडे करून ते डाळीत भिजवत होते. एक तुकडा तोंडात होता आणि ओठ आत गेले होते. दातच नव्हते.

लोहकरे दिसला. गणपतरावांनी तोंडातला घास गिळला. ताटली मांडीवरून काढून जमिनीवर ठेवली. आणि रिकाम्या गल्लीकडं बघून हाक मारली:

“यू... यू... यू...”

गल्लीत काही हललं नाही.

“यू... यू...” त्यांनी पुन्हा हाक मारली.  “आत्ता होतं इथं. फार हिंडतं हो ते. एका जागी बसेल तर शपथ.”

लोहकरेच्या एका हातात कागद होता. दुसऱ्या हातात पेन. समोर ताटलीतली डाळ भाकरीत मुरत होती. गणपतराव त्याच्या तोंडाकडं बघत होते, शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

लोहकरेनं गल्लीच्या टोकाकडं पाहिलं.

“काळं आहे ना?” त्यानं विचारलं.

गणपतरावांनी ताटलीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, “काळंच.”

“मग मला वाटेत भेटलं. पाराजवळ. येतच होतं इकडं.”

“येत होतं ना?”

“हो. तब्येत चांगली वाटली त्याची.”

“आहे, आहे,” गणपतराव म्हणाले. त्यांचे खांदे खाली आले. “खातं व्यवस्थित. तक्रार नाही.”

“मी उभा राहिलो तर यायचं नाही ते. अनोळखी माणसाला बुजत असेल.”

“बुजतं जरा.”

“मग येतो मी.”

तो वळला. दहा पावलं गेला. मागं ताटली उचलल्याचा आवाज आला. त्यानं मान फिरवली नाही.

टेकडी चढताना त्याला भोवळ आली, दोनदा बसावं लागलं. दुसऱ्यांदा बसला तेव्हा बुडाचा कागद हाताला लागला. त्यानं तो सोडवून पाहिला. त्याच्याच अहवालाचं पहिलं पान होतं. सकाळपासून तो त्याच्यावर बसला होता.

वर बाबा चुलीपुढं होता. अंगठा आकाशाकडं धरून बसलेला.

“वाळला,” बाबा म्हणाला. “लई वेळ लावलास.”

लोहकरेनं कपाळाचा घाम पुसला.

“सापडली?”

लोहकरेनं पेनाचं टोपण काढलं.

“किती?”

“एकोणीस,” लोहकरे म्हणाला.

“बघितलीस? डोळ्यानं?”

“सगळी नाही. सहा बघितली. पुरे झाली.”

तो मातीत बसला. बुडाखाली कागद न घेता. मांडीवर फॉर्म घेतला. ‘प्रकार’ ह्या रकान्यात स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं ‘श्वान’ त्यानं बघितलं. पेन टेकवलं. उचललं. थंड देशातला तो मंच, दहा मिनिटं, निळा कोट, समोर सगळं जग टाळ्या वाजवतंय... सगळं एकदा शेवटचं बघून घेतलं.

मग ‘श्वान’ खोडलं. नीट, दोन रेघा मारून. वर लिहिलं, ‘माणसं’. आणि तालुक्याच्या नावापुढचं शून्यही खोडलं.

झालं. विमान गेलं, लोहकरे खाली राहिला.

“नावं लिहिली नाहीत मी,” तो खाली बघत म्हणाला. “फक्त आकडा लिहिलाय.”

बाबानं ऐकलं. फुंकणी बाजूला सारून तोंडानं जाळ फुंकला. दाढीची उरलेली बाजू जराशी करपली.

“तांब्या देऊ?” त्यानं विचारलं. “चुलीवर वतायला?”

“नको.”

“मंग तू आता जानार कसा? जीप?”

“आली नाही अजून.”

कौसाबाई तवा उतरवत होती. टोपलीत दोन भाकऱ्या होत्या, तिच्या आणि बाबाच्या वाटणीच्या. ती लोहकरेकडं बघत होती. ओठ पांढरे पडले होते त्याचे.

“साहेब,” ती म्हणाली, “खरंच जेवलात का हो तुमी?”

लोहकरेनं तोंड उघडलं. ‘हो’ ओठावर आलं होतं. आईनं शिकवलेलं, आतून पाठ असलेलं, ‘आत्ताच जेवून आलो’...

पोटानं आवाज दिला. डेगीतून कोंबडीनं उत्तर दिलं.

लोहकरेनं तोंड मिटलं. बुटाच्या टोकाकडं बघत राहिला. कान लाल झाले होते.

“बाबा,” तो अगदी हळू म्हणाला.

“बोल.”

“माझ्याकडं पण... एक कुत्रं आहे.”

कौसाबाई हसली नाही. तिनं टोपली पुढं ओढली.

बाबानं एक भाकरी काढली, तिच्यावर पातेलं खरवडून डाळ घातली, लोणच्याची एक फोड ठेवली. आणि डोणीकडं बोट केलं.

“आधी त्याला हात धुवायला सांग.”